काल्पनिक राष्ट्रांची आरमारे : नौयुद्ध-खेळातील प्रतिकृती आणि इतिहासाचे बंधन

प्रास्ताविक :

नकाशावर कोठेही नसलेल्या राष्ट्राचे आरमार उभारणे हा नौयुद्ध-खेळाच्या छंदातील एक विलक्षण प्रकार आहे. खेळाडू आपल्या राष्ट्राला नाव, ध्वज, किनारा आणि शत्रू देतो. नंतर १:१२००, १:२४०० किंवा १:३००० अशा प्रमाणातील प्रतिकृतींतून त्याचा ताफा जमवितो. इतिहासाच्या अभ्यासकाने याला पोरखेळ मानले तर नवल नाही. परंतु असा ताफा जाणकारांना पटावयाचा असेल तर त्याच्या कर्त्याला त्या राष्ट्राचा महसूल, गोद्या, कोळशाची ठाणी आणि परकीय कर्ज यांचा विचार करावाच लागतो. या विचारात काय येते आणि काय वगळले जाते, याची तपासणी प्रस्तुत निबंधात केली आहे.

खेळाची परंपरा :

एडिंबरोचे व्यापारी जॉन क्लार्क ऑफ एल्डिन हे पेशाने नाविक नव्हते. तरीही छोट्या नौका टेबलावर मांडून त्यांनी आरमारी डावपेचांचा विचार केला आणि १७८२ मध्ये त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. १८९८ मध्ये फ्रेड टी. जेन यांनी आपला नौयुद्ध-खेळ आणि जगातील युद्धनौकांची सूची ही दोन्ही एकाच वर्षी वाचकांपुढे आणली. सूचीचा पुढे संरक्षण-विश्वात प्रमाणग्रंथ झाला. तिचे खेळाशी असलेले नाते मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

काल्पनिक ताफ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यांचे होय. त्यांचे नियम १९४० मध्ये ग्रंथरूपाने आले. ५० फुटांस एक इंच या प्रमाणातील लाकडी जहाजे जमिनीवर मांडावयाची, अंतर केवळ नजरेने अजमावून 'तोफा' डागावयाच्या आणि मग फीत लावून मोजावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. प्रत्येक जहाजाचे मूल्य तोफांचा व्यास व संख्या, चिलखताची जाडी, वेग आणि टनभार यांवरून एका सूत्राने काढले जाई. या सूत्राचा एक परिणाम असा की, जे जहाज कधी बांधलेच गेले नाही, त्याचेही मूल्य ठरविता येते. काल्पनिक राष्ट्राला लढाईत उतरण्याचा परवानाच जणू त्यामुळे मिळाला.

जहाजांचा बाजार :

काल्पनिक ताफ्याचा चतुर कर्ता सगळी जहाजे कल्पनेने रचीत नाही. तो खऱ्या जहाजांचे मालक बदलतो. यात इतिहासाशी प्रतारणा आहे असे म्हणता येत नाही, कारण पहिल्या महायुद्धापूर्वीचा काळच तसा होता. चिलीसाठी इंग्लंडमध्ये बांधलेल्या दोन युद्धनौका १९०३ मध्ये ब्रिटनने विकत घेतल्या. अर्जेंटिनासाठी इटलीत तयार झालेल्या दोन क्रूझर जपानकडे जाऊन 'निशिन' व 'कासुगा' या नावांनी रशियाविरुद्ध लढल्या. जर्मनीने १९१० मध्ये दोन जुन्या युद्धनौका ऑटोमन साम्राज्याला विकल्या. अमेरिकेने १९१४ मध्ये दोन ग्रीसला दिल्या.

सर्वांत बोलके उदाहरण 'रिओ द जनैरो'चे आहे. ब्राझीलने न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कंपनीकडे हे जहाज मागविले. बारा इंची १४ तोफा आणि त्यांचे सात बुरूज, अशी त्याची रचना होती. पैशाची ओढाताण सुरू झाल्यावर ते ऑटोमन सरकारला विकले गेले व 'सुलतान उस्मान' झाले. तुर्कस्तानात आरमारासाठी सामान्य लोकांकडूनही वर्गणी गोळा झाली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने ते जप्त केले आणि 'एजिनकोर्ट' या नावाने पुढे जटलंडच्या लढाईत उतरविले. एकच सांगाडा, तीन राष्ट्रे. १:३००० प्रमाणात त्याची लांबी सात सेंटिमीटरही भरत नाही. एखाद्या खेळाडूने त्यावर चौथा ध्वज लावला, तर तो शक्यतेच्या फार बाहेर गेला असे ठरत नाही.

सूत्रात न मावणारा खलाशी :

तथापि, बाजाराचे भान ठेवणारा हा खेळ जहाजावरील माणसाच्या बाबतीत उणा पडतो. ब्राझीलच्या 'मिनास जेराइस'वर बारा इंची १२ तोफा होत्या. जानेवारी १९१० मध्ये ते सेवेत आले तेव्हा त्याच्या तोडीची जहाजे मोजक्याच देशांकडे होती. प्रॅट यांच्या सूत्रात ते भरघोस गुण मिळवील. पण त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्यावरील खलाशांनी बंड केले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्येच संपली होती. खलाशांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि शिक्षा म्हणून त्यांना चाबकाचे फटके दिले जात. मार्सेलिनो रॉड्रिग्ज या खलाशाला २५० फटके दिल्याने ठिणगी पडली. जोआव कँडिडो यांच्या नेतृत्वाखाली खलाशांनी जहाजे ताब्यात घेऊन राजधानी रिओवर तोफा रोखल्या आणि फटक्यांची शिक्षा बंद करण्याची मागणी केली. सरकारने चार दिवसांत माफी जाहीर केली. पुढे मात्र अनेकांना अटक झाली. कँडिडो यांच्यासह अठरा जणांना एका कोठडीत कोंडले गेले. त्यांपैकी सोळा मरण पावले.

ही घटना एकाकीही नाही. १९३१ मध्ये चिलीच्या 'अल्मिरांते लातोरे'वर वेतनकपातीवरून बंड झाले.

काही नियमावल्यांत खलाशांना 'नवखे', 'सरासरी', 'निष्णात' अशा श्रेणी असतात. परंतु त्यांचा उपयोग नेम किती अचूक लागेल एवढे ठरविण्यापुरता. खलाशी आपल्याच राजधानीकडे तोफ वळवील, ही शक्यता त्या श्रेणींत धरलेलीच नसते. काल्पनिक राष्ट्राचा अर्थसंकल्प तयार करणाऱ्या खेळाडूला वेतन, शिक्षा व भरतीचे कोष्टकही मांडता येईल; त्यासाठीची साधने चिलखताच्या जाडीइतकी सुबक नाहीत, एवढीच अडचण.

'मिनास जेराइस' १९५४ मध्ये मोडीसाठी जिनोआला नेले गेले. कँडिडो १९६९ मध्ये वारले. बंडातील खलाशांना मरणोत्तर माफी देणारा कायदा ब्राझीलमध्ये २००८ मध्ये झाला.