‘बीडचा का?’ हा प्रश्न जुना आहे

परवा गावातला एक पोरगा पुण्यात मुलाखत देऊन आला. साहेबांनी पत्ता वाचला अन् विचारलं, “बीडचा का?” पुढं फोन आलाच नाही.

मित्रांनो, माणूस कुठला यावर नोकरी ठरवणं आपल्या आजोबांनीही पाहिलंय, पण उलट्या बाजूनं. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९१९ च्या निजामी फर्मानानं तिथं सरकारी नोकरी ‘मुल्की’ माणसालाच. जन्मानं तिथला नसेल तर पंधरा वर्षांचं वास्तव्य लागायचं. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर बाहेरचे अधिकारी, कारकून आले. खोट्या मुल्की दाखल्यांची ओरड झाली. १९५२ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, हैदराबादेत गोळीबारात जीव गेले.

घटनेचं कलम १६ म्हणतं, जन्मस्थानावरून सरकारी नोकरीत भेदभाव नको. कलम ३७१(२) मराठवाड्याला सरकारी नोकरीत रास्त संधी द्यायला सांगतं. पण दोन्ही सरकारी नोकरीपुरतं. खासगी कंपनीच्या गेटवर ही कलमं थांबतात.

मुल्की नियम चांगला की वाईट, यावर भांडता येईल. पण तो कागदावर होता, म्हणून १९७२ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ‘बीडचा का?’ कुठंच लिहिलेलं नसतं, मग दाद कुठं मागायची?

म्हणून सांगतो, असा प्रश्न आला तर तारीख, जागा, शब्द लिहून ठेवा. नोंदच नसेल तर उद्या म्हणतील, असं काही घडलंच नव्हतं.