कुठेही चालणाऱ्या चाचणी-स्क्रिप्टची कुळकथा

एखाद्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उतरवून घेऊन तो आपल्या यंत्रावर बांधल्यानंतर 'मेक टेस्ट' किंवा 'मेक चेक' ही आज्ञा देण्याची पद्धत आहे, आणि ती दिल्यावर पडद्यावर ज्या ओळी सरकू लागतात त्यांच्यामागे पुष्कळदा शेल स्क्रिप्ट काम करत असते. शेल म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून ती संगणकप्रणालीकडून पार पाडून घेणारा प्रोग्रॅम, आणि अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेली फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. चाचण्यांचा संच चालवण्यासाठी याहून सोयीच्या कितीतरी भाषा आज उपलब्ध असताना हे काम इतक्या जुन्या साधनाकडे का राहिले, याचे उत्तर चाचणीच्या स्वभावातच आहे. जो प्रोग्रॅम अजून नीट चालतो की नाही हे ठरायचे आहे त्याची परीक्षा घेणाऱ्या साधनाने स्वतः कमीत कमी गोष्टींवर विसंबले पाहिजे, आणि युनिक्स घराण्यातल्या कोणत्याही यंत्रावर जे हमखास सापडते ते साधन शेलच होय. मात्र शेल सर्वत्र असला तरी तो सर्वत्र सारखा नाही, आणि या विसंगतीतूनच सुवाह्य, म्हणजे यंत्र बदलले तरी न बदलता चालणारी, चाचणी-स्क्रिप्ट लिहिण्याचे शास्त्र घडत गेले.

आज्ञा फाइलीत लिहून ठेवून एकामागून एक चालवण्याची कल्पना युनिक्सच्याही आधीची आहे. १९६३-६४ च्या सुमारास लुई पूझँ यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या 'सीटीएसएस' प्रणालीसाठी 'रनकॉम' नावाची सोय तयार केली होती, आणि 'शेल' हे नावही त्यांनीच रूढ केले. १९७१ साली केन थॉम्प्सन यांनी बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीसाठी जो शेल लिहिला तो अतिशय लहान होता. त्यात 'जर' आणि 'तर' सुद्धा शेलच्या आत नव्हते. 'इफ' आणि 'गोटू' हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम होते. 'गोटू' हा प्रोग्रॅम चालू असलेली स्क्रिप्ट सुरुवातीपासून वाचून हवी ती खुणेची ओळ शोधत असे आणि त्या फाइलीतली वाचनाची जागाच तिथे नेऊन ठेवत असे, त्यामुळे तो संपल्यावर शेल पुढची ओळ त्या नव्या जागेवरून वाचायला लागे. खुणेची ओळ अपूर्णविरामाच्या चिन्हाने सुरू होई आणि ती आज्ञा म्हणून चालवली गेलीच तर काहीही करत नसे. 'गोटू' कधीच इतिहासजमा झाला, पण काहीही न करता यशस्वी होणारी अपूर्णविरामाची आज्ञा प्रत्येक शेलमध्ये अजून शिल्लक आहे, आणि जुन्या वळणाच्या चाचणी-स्क्रिप्टमध्ये रिकामी फाइल तयार करण्यासाठी ती आजही लिहिलेली आढळते.

चाचणीचे साधन म्हणून शेलला खरे बळ आले ते स्टीफन बोर्न यांच्यामुळे. केंब्रिजला असताना त्यांनी 'अल्गोल ६८' या भाषेच्या कंपायलरवर काम केले होते, आणि बेल प्रयोगशाळेत त्यांनी लिहिलेला शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला तेव्हा त्यावर अल्गोलची छाप स्पष्ट उमटलेली होती. 'इफ'ने सुरू झालेला भाग उलट अक्षरांच्या 'फाय'ने संपतो आणि 'केस'ने सुरू झालेला 'एसॅक'ने संपतो. 'डू'चा शेवट मात्र 'ओडी'ने होऊ शकला नाही, कारण फाइलीतली माहिती अष्टमान आकड्यांत दाखवणारी त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीपासून होती, म्हणून तिथे 'डन' आले. या बाह्य खुणांपेक्षा चाचणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या त्या बोर्न शेलने एकत्र आणलेल्या सोयी. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते, शून्य म्हणजे काम झाले आणि इतर काही म्हणजे बिघडले, आणि हा समाप्तिसंकेत '$?' या खुणेतून वाचता येतो. अपेक्षित उत्तराच्या ओळी स्क्रिप्टच्याच पोटात लिहून त्या एखाद्या आज्ञेला पुरवता येतात. स्क्रिप्ट अर्ध्यावर तोडली गेली तरी मागचा पसारा आवरण्याची व्यवस्था 'ट्रॅप'ने करून ठेवता येते. दोन फाइलींतला फरक ओळीनिशी दाखवणारी 'डिफ' ही आज्ञा १९७४ पासून युनिक्समध्ये होतीच. प्रोग्रॅम चालवावा, त्याचे उत्तर फाइलीत घ्यावे, ते अपेक्षित उत्तराशी ताडावे आणि समाप्तिसंकेत पाहून निकाल द्यावा, ही चाचणीची मूळ रीत या साधनांतून सहज उभी राहिली, आणि तिच्यात आजतागायत तत्त्वतः काही बदललेले नाही.

बदलत गेली ती यंत्रे आणि त्यांवरचे युनिक्स. सातव्या आवृत्तीनंतर या घराण्याच्या दोन मोठ्या शाखा झाल्या: एक बर्कली विद्यापीठाची, दुसरी एटी अँड टी कंपनीची, जी पुढे 'सिस्टिम फाइव्ह' म्हणून ओळखली गेली. त्यांच्यातला दुरावा अगदी साध्या आज्ञेतही दिसू लागला. 'इको' ही आज्ञा दिलेला मजकूर छापते आणि शेवटी नवी ओळ सुरू करते. नवी ओळ नको असेल तर बर्कलीच्या शाखेत आधी 'उणे-एन' हा पर्याय द्यावा लागे, आणि सिस्टिम फाइव्हमध्ये मजकुराच्या शेवटी उलट्या तिरप्या रेघेनंतर 'सी' लिहावा लागे, आणि एका शाखेची रीत दुसरीकडे वापरली की ती चिन्हे जशीच्या तशी छापली जात. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये 'आरएन' हा चर्चागटांतले संदेश वाचण्याचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला तेव्हा त्यासोबत दिलेल्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टने या प्रश्नाला दिलेले उत्तर पुढच्या सगळ्या सुवाह्य स्क्रिप्टांना मार्गदर्शक ठरले. ती स्क्रिप्ट यंत्राचे नाव विचारत बसत नसे. ती एका रीतीने 'इको' करून पाही, निघालेल्या मजकुरात 'सी' हे अक्षर उरले आहे का हे तपासे, त्यावरून योग्य रीत ठरवून दोन चलांत साठवून ठेवी, आणि मग एक बाण छापून ओळ त्याच्या टोकाशीच थांबते हे दाखवी, म्हणजे वापरणाऱ्यालाही खात्री पटे. यंत्राच्या नावावरून त्याचे गुण गृहीत धरू नयेत, ते करून पाहून ओळखावेत, ही दृष्टी इथे प्रथम इतक्या ठळकपणे आचरणात आली, आणि सुवाह्यतेच्या इतिहासात हिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

वॉल यांचे दुसरे ऋण निकाल सांगण्याच्या पद्धतीत आहे. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांच्या पर्ल भाषेची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यासोबत 'टी' या एकाक्षरी नावाच्या डिरेक्टरीत चाचण्या होत्या, आणि प्रत्येक चाचणी आधी एकूण किती मुद्दे तपासणार हे जाहीर करून मग प्रत्येक मुद्द्यासाठी 'ओके' किंवा 'नॉट ओके' असे शब्द आणि मुद्द्याचा क्रमांक छापत असे. एकूण संख्या आधी सांगितल्यामुळे चाचणी मधेच कोसळली तर ते लपत नाही, कारण जाहीर केलेली आणि प्रत्यक्ष आलेली संख्या जुळत नाही. कोणत्याही भाषेत लिहिता येईल इतकी साधी असलेली ही पद्धत पुढे 'टॅप' या नावाने प्रमाण झाली, आणि शेल स्क्रिप्टला तर ती विशेष मानवली, कारण तिला 'इको'पलीकडे काहीच लागत नाही.

शाखांमधली तफावत मिटवण्याचा औपचारिक प्रयत्न 'पॉझिक्स' या मानकाने केला. शेल आणि त्याच्या सोबतच्या आज्ञा यांचा भाग १९९२ मध्ये प्रमाणित झाला, आणि त्यात बोर्न शेलचा पाया घेऊन डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमधल्या काही सुधारणाही स्वीकारल्या गेल्या. 'इको'च्या बाबतीत मात्र मानककर्त्यांनी दोन्ही शाखांना मोकळीक ठेवून 'प्रिंटएफ' ही निःसंदिग्ध आज्ञा पुढे केली. मानक आले म्हणून जुनी यंत्रे नाहीशी झाली नाहीत. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये दहाव्या आवृत्तीपर्यंत मूळ जागेवर जुना बोर्न शेलच बसलेला होता. या काळातले सर्वांत चिकाटीचे काम डेव्हिड मॅकेन्झी यांचे. १९९१ च्या उन्हाळ्यात ते 'ग्नू' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अनेक लहान आज्ञा सांभाळत होते, आणि प्रत्येक यंत्रासाठी हाताने निवडायचे पर्याय विसाच्या घरात गेल्यावर त्यांनी यंत्राची पाहणी करणारी स्क्रिप्ट लिहिली, जिच्यातून 'ऑटोकॉन्फ' हे साधन जन्मले. ऑटोकॉन्फच्या पुस्तिकेत सुवाह्य शेल-लेखनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कोणत्या यंत्रावर कोणती आज्ञा कशी दगा देते याची त्यातली नोंद वाचताना युनिक्सच्या फाटाफुटीचा सारा इतिहास पानोपानी उलगडतो. शेलमध्ये फंक्शन, म्हणजे नाव देऊन पुन्हापुन्हा वापरायचा आज्ञांचा गट, सातव्या आवृत्तीत नव्हते, ते सिस्टिम फाइव्हच्या दुसऱ्या प्रकाशनात आले. म्हणून ऑटोकॉन्फने तयार केलेल्या स्क्रिप्टांनी कित्येक वर्षे फंक्शनला हातही लावला नाही. ऑटोकॉन्फच्या जोडीला आलेल्या 'ऑटोमेक'ने चाचणीच्या निकालात तिसरा अर्थ आणला: समाप्तिसंकेत ७७ आला तर चाचणी फसलेली नसून या यंत्रावर ती लागू होत नाही असे समजायचे. जे तपासता येत नाही ते तपासले असे भासवू नये, ही सचोटी या एका आकड्यात साठवलेली आहे.

या साऱ्या परंपरेचे सर्वांत समृद्ध रूप 'गिट' या आवृत्ती-नोंद साधनाच्या चाचणीसंचात दिसते. लायनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट सुरू केले, आणि पुढच्याच महिन्यात जुनिओ हमानो यांनी त्यासाठी चाचण्यांची शेल-चौकट लिहिली. तेव्हा गिटच्या कित्येक आज्ञा स्वतःच शेल स्क्रिप्ट होत्या, त्यामुळे ही निवड स्वाभाविक होती. पण त्या आज्ञा पुढे एकेक करून सी भाषेत गेल्या तरी चाचण्या मुख्यतः शेलमध्येच राहिल्या, आणि त्यांच्या चौकटीने परिस्थिती बांधून ठेवण्याची कला फार बारकाईने विकसित केली. चाचणी सुरू होताना भाषा आणि क्रम ठरवणारी चले 'सी' या मूळ व्यवस्थेवर नेली जातात, कारण मराठी किंवा जर्मन व्यवस्था लावलेल्या संगणकावर 'सॉर्ट' ही आज्ञा वेगळा क्रम देऊ शकते. प्रमाणवेळही ठरवून दिली जाते. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला तिच्या आशयावरून आणि वेळेवरून निघणारी चाळीस अंकांची ओळख मिळते, म्हणून तीच चाचणी दुसऱ्या दिवशी चालवली तर ओळखी बदलतील. त्यावर उपाय म्हणून चौकटीतले एक फंक्शन घड्याळाला बाजूला सारून स्वतःची वेळ पुरवते: ती १११२९११९९३ या सेकंदापासून सुरू होते आणि प्रत्येक हाकेला साठ सेकंदांनी पुढे सरकते. १९७० च्या आरंभापासून मोजलेला हा सेकंद ७ एप्रिल २००५ रोजी येतो, आणि गिटच्या स्वतःच्या इतिहासातल्या पहिल्या नोंदीची वेळही हीच आहे.

अशीच दक्षता इतरत्रही आहे. प्रत्येक चाचणी ज्या तात्पुरत्या डिरेक्टरीत चालते तिच्या नावात २००८ पासून मुद्दाम एक मोकळी जागा ठेवलेली आहे, म्हणजे अवतरणचिन्हे द्यायला विसरलेली आज्ञा तिथल्या तिथे पकडली जाते, कारण शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडतो. चाचणीतल्या आज्ञा दोन अँड-चिन्हांनी एकमेकींना जोडायच्या असा दंडक आहे, ज्यामुळे एक फसली की पुढची चालत नाही आणि चूक झाकली जात नाही. एखाद्या लेखकाने मधला दुवा गाळला तर तो कसा ओळखावा, यासाठी २०१५ मध्ये जेफ किंग यांनी काढलेली युक्ती शेलच्या ज्ञानाचा उत्तम नमुना आहे. चाचणीच्या आरंभी ११७ हा समाप्तिसंकेत देऊन मुद्दाम फसणारी आज्ञा जोडायची, आणि सगळी साखळी चालवायची. साखळी अखंड असेल तर पुढचे काहीच चालणार नाही आणि शेवटी ११७ हाच आकडा हाती येईल. मधेच दुवा तुटला असेल तर त्यापुढच्या आज्ञा चालतील, आकडा बदलेल आणि दोष उघड होईल. साखळी तपासण्यासाठी ती प्रत्यक्ष वाचण्याची गरजच या युक्तीत उरत नाही.

सुवाह्यतेचा प्रश्न केवळ जुन्या यंत्रांचा नाही, हे २००६ मध्ये ठसठशीतपणे दिसून आले. त्या ऑक्टोबरात 'उबुंटू' या लिनक्स-वितरणाने प्रणालीचा मूळ शेल म्हणून आधीच्या 'बॅश' शेलच्या जागी 'डॅश' हा लहान आणि वेगवान शेल बसवला, आणि बॅशच्या खास सोयी नकळत वापरणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट अडखळल्या: समानतेसाठी एकाऐवजी दोन बरोबरची चिन्हे लिहिणाऱ्या, चलांच्या मालिका वापरणाऱ्या. आपल्या यंत्रावर चालते म्हणजे प्रमाण आहे, हा समज त्या बदलाने बराच दूर केला. मानकही स्थिर राहिलेले नाही. एका आज्ञेचे उत्तर नळीतून दुसरीला दिले की शेल फक्त शेवटच्या आज्ञेचा समाप्तिसंकेत ठेवतो, आणि पहिली फसली तरी चाचणी उत्तीर्ण ठरते, हा दोष चाचणी लिहिणाऱ्यांना फार पूर्वीपासून जाचत होता. २०२४ च्या पॉझिक्स मानकात 'पाइपफेल' या पर्यायाचा समावेश होऊन त्यावर अधिकृत उपाय मिळाला. तथापि हा पर्याय न जाणणारे शेल अजून असंख्य यंत्रांवर आहेत. म्हणून नवी चाचणी लिहिणाऱ्याने ज्या आज्ञेची परीक्षा घ्यायची तिचे उत्तर नळीत सोडू नये, आधी फाइलीत घ्यावे, समाप्तिसंकेत पाहावा आणि मगच ती फाइल पुढच्या आज्ञेला द्यावी, आणि स्क्रिप्ट सर्वांच्या हाती देण्यापूर्वी ती बॅशखेरीज निदान डॅशमध्ये एकदा चालवून पाहावी.