सरकत्या झाकणाचा खडखडाट

शिडाच्या छोट्या नौकेवर ज्याने एखादी रात्र काढली आहे, त्याला या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. वारा पडलेला असतो, नौका नांगरावर डुलत असते आणि केबिनच्या प्रवेशद्वारावरील सरकते झाकण, ज्याला दर्यावर्दी ‘हॅच’ म्हणतात, प्रत्येक हेलकाव्यासरशी आपल्या खाचेत ठकठक आपटत राहते. खाली केबिन म्हणजे लाकडाची पोकळ पेटीच. ढोलकीच्या खोडाप्रमाणे ती हा आवाज घुमवून परत देते. झोपमोड झालेला खलाशी हाती लागेल ती चिंधी फटीत कोंबतो आणि कूस बदलतो. या चिंधीमागे नौकाबांधणीचा बराच इतिहास दडलेला आहे.

झाकण खडखडते ते सुतार अडाणी होता म्हणून नव्हे. लाकूड ओलाव्याने आडवे फुगते. पावसाळ्यात आपल्या घराचे दार अडकून बसते, तसे समुद्रावर हॅच अडकून चालत नाही. म्हणून जाणता कारागीर दोन्ही बाजूंस मुद्दाम थोडी जागा मोकळी सोडतो. कोरड्या दिवसांत हीच जागा रुंदावते आणि आवाज सुरू होतो. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी फुगते व कमी आकसते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जहाजांची कीर्ती या लाकडावर उभी होती. १८१७ साली येथे पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात आजही पाहावयास मिळते.

मुंबईतच सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’ या साडेनऊ-दहा मीटर लांबीच्या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले दर्यावर्दी. दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी केली, तेव्हा केबिनचा सांगाडाच आपल्या जागेवरून किंचित हलला होता. त्या भयाचे कारण उघड होते. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याच महासागरात स्मीटन दांपत्याची ‘त्झू हँग’ नौका कोलांटून पडली, दोन्ही डोलकाठ्या गेल्या आणि डेकवरची कोठडी उखडून तेथे भगदाड पडले. सोबत जॉन गझवेल हा कुशल सुतारकाम जाणणारा गृहस्थ होता म्हणून ते भगदाड बुजले आणि मंडळी चिलीच्या किनाऱ्याला लागली. ब्लाँडी हॅस्लर यांनी तर १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीसाठी आपल्या ‘जेस्टर’ नौकेची बसण्याची उघडी जागाच डेकने झाकून टाकली व मध्यभागी एक गोल तोंड ठेवले. प्रश्नच मुळातून काढून टाकण्याचा हा मार्ग मला मोठा मजेचा वाटतो; पण तो सर्वांना कसा परवडावा?

सैल झाकणाचे खरे मोल कळले ते ऑगस्ट १९७९ मध्ये. इंग्लंडहून आयर्लंडजवळील फास्टनेट खडकाला वळसा घालून येण्याच्या शर्यतीत ३०३ नौका होत्या. १३ तारखेच्या रात्री वादळाने त्यांना गाठले. १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले, २४ नौका सोडून द्याव्या लागल्या, त्यांपैकी ५ बुडाल्या. पुढील चौकशीत प्रवेशद्वाराचा दुबळेपणा ठळकपणे पुढे आला. सरकत्या झाकणाखाली दाराऐवजी उभ्या खाचेत आडव्या फळ्या बसवतात. त्या बहुधा वर रुंद, खाली अरुंद असतात. झाकण घट्ट मिटलेले असेल तोवर त्या जागच्या हलत नाहीत. नौका उलटताना झाकण आपोआप सरकले, की त्याच फळ्या अलगद निसटतात आणि समुद्र थेट आत शिरतो. रात्री ठकठक करणारा सैलपणा आणि हा सैलपणा एकाच खाचेत राहतो! त्यानंतर दूरच्या शर्यतींच्या नियमांत ठसले की हॅच आतून व बाहेरून, दोहोंकडून बंद करता आणि उघडता आले पाहिजे, आणि फळ्या दोरीने नौकेला बांधलेल्या असाव्यात.

म्हणूनच कोंबलेली चिंधी मला पसंत नाही. आवाज थांबतो, पण घाईच्या वेळी झाकणही थांबते. वाटेत मऊ काही घालावे, हा विचार जुनाच. चामडे व नमदा मिठाच्या पाण्याने भिजतात आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्याने धड वाळत नाहीत. पितळी पट्टी झिजत नाही. मात्र ती खणखणते. चरबीला कचरा चिकटतो. लाकडावर मेणबत्तीचा तुकडा घासण्याची जुनी रीत त्यांतल्या त्यांत बरी. पण मेणाने घर्षण कमी होते, फट भरत नाही. विसाव्या शतकातील प्लास्टिकांनी ही अडचण बरीचशी दूर केली. त्यांतही नायलॉन पाणी पिऊन फुगते. पॉलिएथिलीन जवळजवळ पीत नाही. त्याची पातळ पट्टी दोन्ही कडांना, स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली बुडवून बसवली, की फट भरते आणि झाकण तरीही सरकते.

पट्टी किती जाड असावी, हे मापाने ठरत नाही. झाकण भर पावसाळ्यात, ओले असताना बसवून पाहावे. मग दिवा मालवून, केबिनच्या आत उभे राहून, एका हाताने ते उघडते का ते पाहावे. न उघडल्यास पट्टी तासून आणखी पातळ करावी आणि थोडा खडखडाट राहू द्यावा.