कामकऱ्यांचीं घरें : एक उपेक्षित वारसा

इतिहासाचा वारसा म्हटला कीं किल्ले, राजवाडे आणि देवालयें डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या हातांनीं त्या वास्तूंचे दगड वाहिले, ते हात रात्रीं कोठें विसावत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. यंत्रयुगानें जो कामकरी वर्ग निर्माण केला, त्यानें स्वतःचा इतिहास फारसा लिहून ठेवला नाहीं. त्याचें घर हीच त्याची बखर होय. इंग्लंडांत ही बखर एकदां फाडली गेली आणि पुढें जोडलीही गेली. तो वृत्तांत चाळींच्या मुंबईनें लक्षांत घ्यावा असा आहे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या कारखान्यांच्या शहरांत विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उठल्या. शेजारच्या दोन घरांस मिळून एकच भिंत, पुढें रस्त्यावर उघडणारें दार आणि मागें चिमुकलें अंगण, असा त्यांचा घाट असे. भिंत सामाईक असल्यामुळें विटा वांचत, जागा वांचे व भाडें कमी बसे. या काटकसरीची परमावधि म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेलीं घरें. त्यांना मागें ना दार, ना खिडकी. वारा येई तो समोरूनच. बर्मिंगहॅम येथें अशा ११ घरांचा एक चौक शिल्लक आहे. प्रत्येक मजल्यावर एकच खोली, असे तीन मजले. धुणीघर व शौचकूप चौकांत, सर्वांस मिळून. १९०९ सालच्या कायद्यानें अशीं घरें नव्यानें बांधण्यास मनाई झाली. नॅशनल ट्रस्ट ही संस्था सरदार-उमरावांचे वाडे जतन करण्याविषयीं प्रसिद्ध. परंतु या चौकाची दुरुस्ती झाल्यावर तिनेंच २००४ सालीं तो लोकांस पाहण्यासाठीं खुला केला.

याच्या उलट टोकाचें उदाहरण यॉर्कशायरमधील सॉल्टेअर गांवाचें आहे. लोकरीच्या धंद्यांतील मातबर गिरणीमालक टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा नगराध्यक्ष असतांना, १८४९ सालीं, त्या शहरांत पटकीची सांथ आली. गलिच्छ वस्ती आणि रोगराई यांचें नातें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. पुढें शहराबाहेर एअर नदीच्या कांठीं त्यानें प्रचंड गिरणी उभारली. तिचें उद्‌घाटन २० सप्टेंबर १८५३ रोजीं, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीं झालें. गिरणीभोंवतीं सुमारें ८०० दगडी घरें बांधण्यांत आलीं. प्रत्येक घराला स्वतःचें पाणी, गॅसचा दिवा आणि अंगणांत स्वतंत्र शौचकूप होता. शाळा, दवाखाना, स्नानगृह, प्रार्थनामंदिर व उद्यान यांची सोय झाली. दारूच्या गुत्त्याला मात्र गांवांत थारा नव्हता. रस्त्यांना मालकानें आपल्या पत्नीचीं व मुलांचीं नांवें दिलीं.

हीं घरें नुसतीं पाहिलीं तरी त्या काळची समाजरचना उलगडते. मुकादमांचीं घरें ऐसपैस, साध्या मजुरांचीं लहान. म्हणजे गिरणींतील दर्जाची पायरी घराच्या उंबरठ्यापर्यंत पोंचली होती. मालकाची कळकळ खरी होती आणि त्याची हुकमतही खरी होती. ज्याच्या हातीं नोकरी त्याच्याच हातीं छप्पर, अशी ती व्यवस्था. ग्रंथांत या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. येथें त्या दगडांतच वाचावयास मिळतात. १९८६ सालीं गिरणी बंद पडली, तरी गांव ओस पडलें नाहीं. २००१ सालीं युनेस्कोनें सॉल्टेअरला जागतिक वारशाचा मान दिला, आणि आजही त्या घरांत माणसें नांदत आहेत.

परंतु सॉल्टेअरच्या पाठीशीं एका धनिकाचें नांव होतें. ज्या रांगांना असें नांव नाहीं, त्यांचें काय? लिव्हरपूल येथें वेल्श बांधकाम करणाऱ्यांनीं १८७० च्या सुमारास उठविलेल्या कांहीं गल्ल्या आहेत. त्यांना वेल्समधील गांवांचीं नांवें आहेत. २००२ सालीं सुरू झालेल्या सरकारी योजनेखालीं अशा वस्त्या पाडून नवीं घरें बांधण्याचें ठरलें. रहिवासी हलविले गेले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, आणि धड घरें वर्षानुवर्षें रिकामीं पडून कुजूं लागलीं. कांहीं नागरिकांनीं नेटानें विरोध केला. अखेर जानेवारी १९१५ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या जानेवारींत, म्हणजे २०१५ सालीं, मध्यवर्ती सरकारनें तो पाडापाडीचा बेत फेटाळला. मग बाहेरची रांग तशीच ठेवून आंतून दुरुस्ती करण्यांत आली. कांहीं ठिकाणीं शेजारचीं दोन घरें जोडून एक मोठें घर केलें गेलें. जुनी भिंत आणि नवी सोय यांत वैर नाहीं, हें तेथें सिद्ध झालें.

मुंबईपुढें हाच प्रश्न अधिक अवघड रूपानें उभा आहे. १९२० सालीं स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामाईक शौचकूप, एवढ्यांत कुटुंबेंच्या कुटुंबें वाढलीं. सविनय कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या कांहीं चाळी सत्याग्रह्यांचा तात्पुरता तुरुंगही झाल्या. आतां तेथें उंच इमारती उठत आहेत, आणि शंभर वर्षें अडचण सोसलेल्या रहिवाशांना ऐसपैस घर मिळणें हें न्याय्यच आहे. वारशाच्या नांवाखालीं कोणाला कोंदट खोलींत राहावयास सांगणें हा वारसा नव्हे, तो अन्याय होय.

तथापि माणूस नव्या घरीं गेला म्हणजे जुन्या घराची आठवण पुसलीच पाहिजे असें नाहीं. चाळींचे नकाशे व छायाचित्रें जपून ठेवावीं. एखादी चाळ तिच्या खोल्या, जिना आणि गॅलरी यांसह राखावी. गिरण्यांच्या धुरांडीं गेलीं. त्यांच्या छायेंत ज्यांनीं संसार केले, त्यांची एक तरी खोली राहिली, तर पुढच्या पिढीला हें शहर कोणीं उभें केलें तें विचारण्यास एक दार उरेल.