खाजगी बंदी आणि राज्यघटना

सरकारने बंदी घातली तर दाद कोठे मागावी, हे आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झाले आहे. जमावबंदीचा हुकूम निघाला, सभेला परवानगी नाकारली, की आम्ही चळवळीतली माणसे लगेच राज्यघटनेचे एकोणिसावे कलम पुढे करतो. परंतु बंदी घालणारे सरकार नसेल तर? देवळाचे पुजारी, ट्रस्टचे विश्वस्त, जातीचे पंच किंवा कारखान्याचा मालक यांनी 'तू आत यायचे नाहीस' असे सांगितले, तर त्या दारापाशी घटना आपल्याबरोबर येते काय? माझ्यासारख्या कायद्याची पदवी नसलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकात भेटला नाही. तो कारखान्याच्या फाटकावर भेटला. युनियनच्या चार जणांची नावे एका फळ्यावर लिहून 'यांना आत सोडू नये' असा हुकूम तेथे टांगला होता. त्यावर सही मालकाच्या मॅनेजरची होती, कलेक्टरची नव्हे.

प्रथम कायद्याचे रोखठोक उत्तर सांगतो. घटनेच्या बाराव्या कलमात 'राज्य' या शब्दाची व्याख्या आहे. सरकारे, विधिमंडळे, नगरपालिका, पंचायती आणि अशाच इतर अधिकारी संस्था तिच्यात येतात. मूलभूत हक्क मुख्यतः या राज्याविरुद्ध दिलेले आहेत. घटना अमलात येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच एक भागधारक सेंट्रल बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. बँकेने माझे शेअर विकून माझ्या मालमत्तेच्या हक्कावर घाला घातला, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाने त्याला सांगितले की, हे हक्क सरकारी सत्तेपासून संरक्षणासाठी आहेत. खाजगी इसमाने नुकसान केले असेल तर साध्या दिवाणी कायद्याने दाद मागा.

उत्तर येथेच संपले असते तर आपल्या समाजात मूलभूत हक्कांना फारसा अर्थ उरला नसता. कारण आमच्याकडे माणसाला पाण्यापासून, देवापासून आणि न्हाव्याच्या खुर्चीपासून दूर ठेवण्याचे काम सरकारने क्वचितच केले. ते शेजाऱ्याने केले. घटना लिहिणारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या भागात दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांची नावे घेऊन सांगितले आहे की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाला तेथे अटकाव होणार नाही. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तेविसाव्याने वेठबिगार बंद केली. ही कलमे सरकारशी बोलत नाहीत, थेट माणसांशी बोलतात. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला की, 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. मोबदला घेऊन सेवा देणारा त्यात येतो.

त्या खुलाशामागे महाड होते, असे मी मानतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. नगरपालिकेने ते तळे १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते. म्हणजे सरकारी बंदी नव्हतीच. बंदी गावाची होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. हे 'चौधरी तळे' खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादि आहे, असा त्यांचा दावा होता. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने सांगितले की, अशी अनादि वहिवाट शाबीत झाली नाही. निकाल बरोबर लागला, पण त्याचा पाया किती अरुंद पाहा! वहिवाट शाबीत झाली असती तर? हायकोर्टाच्या हातात त्या वेळी मूलभूत हक्क नव्हता, केवळ पुराव्याचा कायदा होता.

महाडहून आपल्या तालुक्यात येऊ. पंढरपूरच्या देवळाविषयी करकंबच्या माणसाला मी काय सांगावे! मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंत अंगावर पडून चोखोबा गेला आणि त्याची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी झाली. मजुरी करताना मेलेला भक्त आणि आत न जाऊ शकलेला भक्त, दोन्ही एकच. त्याच्या वंशाला पुढे सहा शतके दार बंदच राहिले. १९३८ साली मुंबई सरकारने कायदा केला, पण तो विश्वस्तांच्या मर्जीचा होता. इच्छा असेल तर त्यांनी देऊळ खुले करावे, सक्ती नाही. ज्याच्या हातात कुलूप, त्याच्याच हातात किल्ली ठेवणारा कायदा! म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसावे लागले. दहा मेला उपोषण सुटले. त्याच वर्षी सक्तीचा मंदिरप्रवेश कायदा झाला. बडव्यांचा आणि उत्पातांचा वंशपरंपरेचा हक्क काढून घेणारा कायदा मात्र १९७३ चा, आणि त्यावरचा अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१४ च्या जानेवारीत. दार उघडणे आणि दाराची मालकी संपणे यांत सदुसष्ट वर्षे गेली.

शेजारच्या अकलूजची हकीकत याहून कमी लोकांना माहीत आहे. १९४७ च्या कायद्याच्या आधारे तेथील जैन मंदिरात हरिजनांच्या प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला आणि प्रकरण हायकोर्टात गेले. १९५१ साली न्यायमूर्ती छगला यांच्या कोर्टाने निर्णय दिला की, कायद्याने हरिजनांना इतर हिंदूंइतकाच हक्क दिला आहे. त्या जैन मंदिरात जाण्याचा हक्क इतर हिंदूंनाच शाबीत नाही, मग हरिजनांना तो कोठून येणार? कायद्याच्या अक्षराला धरून निकाल चुकीचा म्हणता येत नाही. परंतु मला तो नेहमी शिकवणीसारखा वाटत आला आहे. 'इतरांइतका' हक्क मिळाला म्हणजे दार उघडलेच असे नव्हे. १९५६ साली कायदा नव्याने झाला, तेव्हा त्यात हिंदूंबरोबर जैन, शीख आणि बौद्ध यांची सार्वजनिक पूजास्थानेही घातली गेली.

याच १९५६ च्या कायद्याने साठ वर्षांनंतर वेगळेच काम केले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती आणि ती बंदी देवस्थान ट्रस्टची होती. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी हायकोर्टात गेल्या. १ एप्रिल २०१६ रोजी कोर्टाने सांगितले की, जेथे पुरुषांना प्रवेश आहे तेथे स्त्रियांना अडवणारा कायदा नाही आणि हा हक्क राखणे सरकारचे कर्तव्य आहे. आठ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला हाजी अलीच्या दर्ग्याचा निकाल लागला. तेथे ट्रस्टने स्त्रियांना मजारीपर्यंत जाण्यास अलीकडेच बंदी केली होती. आमच्या संस्थेचा कारभार आमचा, असे ट्रस्टचे म्हणणे होते. हायकोर्टाने ती बंदी चौदा, पंधरा आणि पंचवीस या कलमांच्या विरुद्ध ठरविली. ट्रस्ट खाजगी माणसे चालवीत असली तरी जागा सार्वजनिक आहे, हा त्यातला मुद्दा मला मोलाचा वाटतो.

आता मजुराकडे वळतो, कारण त्याला देवळापेक्षा फाटक जवळ. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. मजुराची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. त्यांतला एक रुपया जमादार कापून घेई. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुकादमाचाच हा भाऊ! सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, किमान मजुरीपेक्षा कमी देऊन राबवून घेणे ही तेविसाव्या कलमातली वेठ आहे आणि ती खाजगी ठेकेदाराविरुद्धही चालते. भुकेने लादलेली सक्ती हीसुद्धा सक्तीच, हे न्यायमूर्ती भगवतींनी मान्य केले.

श्रोत्यांतून कोणी विचारील, आणि विचारावेच, की मग तुमच्या युनियनचे काय? संप मोडणाऱ्याला तुम्ही सभासदत्वातून काढता, ती बंदी नव्हे काय? होय, आहे. भजनी मंडळाला, तालमीला, युनियनला आपले सभासद निवडण्याची मोकळीक पाहिजे; संघटना करण्याच्या हक्कात ती येतेच. परंतु युनियनने काढलेल्या माणसाला पाणी मिळते, किराणा मिळतो, त्याच्या मयताला चार खांदे मिळतात. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्याला यांतले काहीच मिळत नाही. ज्या संस्थेबाहेर माणूस जगू शकतो तिची बंदी वेगळी, आणि जिच्याबाहेर त्याला जगताच येत नाही तिची वेगळी. मी हा भेद धरतो. वकील मंडळी तो दुसऱ्या शब्दांत मांडतील.

वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर कायदा मात्र एकदा पुढे येऊन मागे फिरला. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मसंस्थेला आपला कारभार चालविण्याचा हक्क आहे असे म्हणून, चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. विरुद्ध मत देणारे एक न्यायमूर्ती म्हणजे खुद्द सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृताला समाजात अस्पृश्यासारखे होऊन राहावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्रात जातपंचायती दंड वसूल करीत राहिल्या. अखेर २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

२०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी म्हटले की, एकोणिसाव्या आणि एकविसाव्या कलमांतले हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी याबाबत वेगळे मत दिले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या घटनापीठाने १९६२ चा तो बोहरा निकाल नऊ न्यायाधीशांपुढे फेरविचारासाठी पाठविण्याचे ठरविले. सरन्यायाधीश सिन्हांचे ते एकट्याचे मत त्या निकालाबरोबर पुन्हा टेबलावर आले.