संवृत श्वसनयंत्र आणि पाणबुड्यांचे अपघात : एक ऐतिहासिक आलोचन

पाण्याखाली उतरणाऱ्या मनुष्यास हवा पुरविण्याचे मार्ग मुळात दोनच. एक, बाहेरून हवा पुरवावयाची आणि उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडून द्यावयाचा. दुसरा, उच्छ्वास वाया न दवडता तोच शुद्ध करून पुन्हा श्वासासाठी वापरावयाचा. पहिल्या मार्गात अपव्यय मोठा आहे. श्वासात घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो, उच्छ्वासात तो सुमारे शेकडा १६ उरतो; म्हणजे जे मिळाले त्यातील बराच मोठा भाग न वापरताच परत जातो. शिवाय दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे वीस मीटरांवर प्रत्येक श्वासाबरोबर पृष्ठभागावरच्या तिप्पट हवा खर्ची पडते. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या उपकरणास इंग्रजीत ‘रिब्रीदर’ म्हणतात. त्यास येथे संवृत श्वसनयंत्र म्हटले आहे. त्याची रचना वर्णन करण्यास सोपी आहे. तोंडाशी नळी, नळीस जोडलेली श्वासाची पिशवी, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा क्षाराचा डबा, आणि खर्च झालेल्या प्राणवायूची भरपाई करणारी टाकी. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधाळ झालेली ज्याने पाहिली आहे, त्यास ह्या डब्याचे रहस्य वेगळे सांगावयास नको. ह्या साध्या यंत्राने गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जेवढे जीव वाचविले, तेवढेच बुचकळ्यात पाडणारे मृत्यूही घडविले. आणि त्या मृत्यूंची कारणे उलगडण्यास यंत्र बनविण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागला.

व्यवहारात उतरलेले पहिले असे यंत्र हेन्री फ्लूस ह्या इंग्रज दर्यावर्द्याचे. १८७८-७९ च्या सुमारास त्याने ते सिद्ध केले. रबरी मुखवटा, पाठीवर पिशवी, तांब्याच्या टाकीत दाबून भरलेला प्राणवायू, आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात भिजविलेल्या दोरखंडाच्या तंतूंचा शोषक, अशी त्याची घडण होती. फ्लूसने प्रथम पाण्याच्या टाकीत सुमारे तासभर राहून पाहिले. नंतर उघड्या पाण्यात तो साडेपाच मीटर खोल उतरला. त्या वेळी साहाय्यकांनी त्यास एकदम वर ओढल्याने इजा झाली. संवृत श्वसनयंत्राच्या इतिहासातील नोंदला गेलेला हा बहुधा पहिलाच अपघात, आणि तो यंत्राच्या दोषाने नव्हे, तर वरच्या माणसांच्या काळजीपोटी केलेल्या घाईने घडला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच १८७८ साली पॅरिसमध्ये पॉल बेर ह्या शरीरशास्त्रज्ञाचा वातावरणाच्या दाबावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. अधिक दाबाखाली शुद्ध प्राणवायू विषासारखा वागतो, त्याने प्राण्यांस आचके येतात, हे बेरने त्यात प्रयोगांनी सिद्ध केले होते. म्हणजे यंत्र आणि त्याची मर्यादा ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जगापुढे आली. परंतु पाणबुड्यांच्या व्यवहारात बेरच्या निष्कर्षास दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. ह्यात नावाचाही थोडा हात असावा काय, अशी शंका येते. लाव्हाझ्येने ह्या वायूस दिलेले नाव ‘आम्ल उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे आहे, आणि ते चुकीच्या उपपत्तीवर आधारलेले होते. मराठीने ‘प्राण’ हा योगशास्त्रातील व आयुर्वेदातील शब्द उचलून ‘प्राणवायू’ असे नाव रूढ केले. ते ऐकणाऱ्यास हा वायू प्राण हरणही करू शकेल असे सहसा वाटत नाही. दोन्ही नावे वस्तूविषयी थोडे चुकीचेच सांगतात, एक रसायनात व दुसरे शरीरशास्त्रात.

यंत्राची खरी परीक्षा १८८० च्या नोव्हेंबरात झाली. सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणला जात असता आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मोठा झरा फुटून सारे काम पाण्याखाली गेले होते. पळून जाताना मजुरांनी नदीखालच्या खोदाईतील लोखंडी दार उघडेच टाकले होते, आणि ते मिटल्यावाचून पाणी उपसणे व्यर्थ होते. दारापर्यंत पोचण्यास खड्ड्यात उतरून काळोख्या बोगद्यातून हजार फुटांहून अधिक अंतर जावयाचे होते. अलेक्झांडर लँबर्ट हा कसलेला पाणबुड्या प्रथम नेहमीच्या पोशाखात निघाला. पण हवेची लांबलचक नळी तरंगून छताशी घासू लागली, ओढता ओढता त्याची शक्ती संपली, आणि दार थोडेच दूर राहिले असता त्यास परत फिरावे लागले. मग फ्लूस स्वतः येऊन प्रयत्न करून पाहता झाला. यंत्र त्याचे होते, पण पाणबुड्याचा अनुभव त्याच्यापाशी नव्हता, तोही परतला. शेवटी लँबर्टने फ्लूसचे यंत्र अंगावर चढविले. पहिल्या खेपेस त्याने दारातून जाणाऱ्या रुळांपैकी एक उखडला व तो मागे आला. दुसऱ्या खेपेस उरलेले काम उरकून दार मिटले आणि एक झडप सांगितल्याप्रमाणे फिरविली.

ह्या कथेचा शेवट इतिहासग्रंथांत सहसा येथेच होतो, पण बोगद्याचे कंत्राटदार टॉमस वॉकर ह्यांच्या वृत्तान्तात तो पुढे जातो. दार मिटल्यावरही पाणी अपेक्षेइतके हटेना. पुढे उलगडा झाला तो असा, की त्या झडपेचे आटे उलटे, डावखुरे होते. ती आधीपासून बंदच होती. लँबर्टने अंधारात, चाचपडत, जिवावर उदार होऊन ती उघडली होती. यंत्र निर्दोष चालले, मनुष्य निर्भय होता. चूक सांगणाऱ्याच्या माहितीत होती.

संवृत यंत्रातील धोक्याचे स्वरूप समजण्यास शरीरधर्माची एक गोष्ट अवश्य जाणली पाहिजे. श्वास कोंडला असता जी तगमग होते, ती मुख्यतः प्राणवायू कमी पडल्यामुळे होत नाही. कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. ज्या यंत्रातील क्षार आपले काम चोख करतो, त्यात ही तगमग उत्पन्न होण्याचे कारणच नाहीसे होते. अशा वेळी टाकी बंद राहिली, अथवा पिशवीत आरंभीच नत्रवायू बराच राहिला, तर पाणबुड्या श्वास घेत राहतो, पिशवी फुगते व मिटते, जीव घाबरा होत नाही, आणि शुद्ध हरपते. गळफास लागलेल्यास फास जाणवतो. ह्यास तो जाणवत नाही. म्हणूनच शुद्ध प्राणवायूच्या यंत्रांबाबत फुप्फुसे व पिशवी आधी प्राणवायूने धुऊन घेण्याचा नियम घालावा लागला. हा नियम शिकाऊ पाणबुड्यास उगाच वेळ खाणारा वाटतो, कारण तो न पाळल्याचे परिणाम सांगणारे त्याच्या शरीरात काहीच नाही.

सीबे गॉर्मन ह्या लंडनच्या पेढीतील रॉबर्ट डेव्हिस ह्यांनी फ्लूसच्या कल्पनेस सुधारून पाणबुडीतून सुटकेचे यंत्र तयार केले, आणि ब्रिटिश नौदलाने ते १९२९ साली स्वीकारले. मराठीत ‘पाणबुडी’ व ‘पाणबुड्या’ हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. परंतु पाणबुडीतील खलाशी पाणबुड्या नसे, आणि आता त्यास अल्पकाळ का होईना तसे व्हावे लागणार होते. ९ जून १९३१ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ वेहायवे येथे ‘पोसायडन’ ही पाणबुडी व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. पुढच्या कप्प्यात अडकलेल्या आठ जणांनी दोन तासांहून अधिक काळ कप्प्यात पाणी भरू दिले. आतला व बाहेरचा दाब समान झाल्याशिवाय झाकण उघडणे शक्य नव्हते. सहा जण पृष्ठभागावर आले, त्यांपैकी एक पुढे दगावला. खोली सुमारे १३० फूट होती. बेरच्या हिशेबाने ही जागा प्राणवायूसाठी अत्यंत घातक; पण तिथला मुक्काम काही मिनिटांचाच असल्याने ते निभावले. पुढे १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ बुडाली तेव्हा तेच यंत्र जवळ असूनही १०३ पैकी केवळ चौघे बाहेर पडू शकले. कोंदलेल्या हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने उरलेल्यांचे बळ व भान आधीच हिरावले होते.

थेटिसच्या चौकशीत कामगार संघटनांच्या वतीने जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी काम केले, आणि त्यानंतर स्वतःवर व सहकाऱ्यांवर दाबाखालचे प्रयोग करीत त्यांनी युद्धकाळ घालविला. प्राणवायूने आलेल्या एका झटक्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांस इजा झाली. १९५७ साली ते भारतात आले, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. आनुवंशिकीचा पंडित म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव घेतले जाते. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी सोसलेल्या ह्या दुखण्याची आठवण क्वचितच निघते.

फ्रान्सच्या नौदलातील तरुण अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो ह्यास युद्धापूर्वी हाच अनुभव आला. ४५ फुटांपर्यंत प्राणवायू निर्धोक असल्याच्या समजुतीने तो उतरला, त्या खोलीवर त्यास आचके आले, आणि कमरेचे वजन सोडून देता आले म्हणून तो वाचला. पुढच्या वर्षी सुधारलेले यंत्र घेऊन तो पुन्हा उतरला, आणि पुन्हा तेच झाले. त्यानंतर त्याने हा मार्गच सोडला. १९४३ साली एमील गान्यां ह्यांच्यासह त्याने दाबलेल्या साध्या हवेवर चालणारे यंत्र सिद्ध केले. लष्करास मात्र संवृत यंत्र सोडणे परवडणारे नव्हते, कारण त्यातून बुडबुडे निघत नाहीत. १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे इटालियन पाणबुड्यांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ ह्या ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या, त्या ह्याच यंत्रांच्या बळावर.

ह्या घटनेनंतर ब्रिटिश नौदलास घाईने आपले पाणबुडे तयार करावे लागले, आणि त्यांच्या सुरक्षिततेची शास्त्रीय पाहणी केनेथ डॉनल्ड ह्या वैद्याकडे आली. त्यांनी १९४२ ते १९४५ मध्ये स्वयंसेवकांवर केलेले प्रयोग ह्या विषयाचा पाया होत. बेरने विष ओळखले होते. डॉनल्डना असे दिसून आले की त्या विषाची मात्रा ठरविता येत नाही. एकाच मनुष्यास तीन महिन्यांत वीस वेळा ७० फुटांच्या दाबाखाली प्राणवायू दिला असता, एकदा ७ मिनिटांत लक्षणे दिसली, तर दुसऱ्या एका दिवशी तो १४८ मिनिटे टिकला. कोरड्या दाबकक्षात जे सोसते ते पाण्यात सोसत नाही, परिश्रमाने धोका वाढतो, आणि ‘काल काही झाले नाही’ ह्या अनुभवास आज कवडीचीही किंमत नाही, हे त्यातून निष्पन्न झाले. २५ फुटांखाली शुद्ध प्राणवायू वापरू नये, असा त्यांचा निर्णय होता. १९४७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेतील खलाशांनी ह्या आचक्यांस नाव दिले होते ‘ऑक्सिजन पीट’. पीट नावाचा कोणी टाकीच्या तळाशी बसलेला असतो व तो गाठतो, अशी ती भाषा. पाणबुड्यांच्या रबरी पोशाखास ते ‘चिकट मरण’ अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखत. ह्या शब्दांकडे केवळ थट्टा म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. ज्या संकटाची चाहूल लागत नाही, त्यास व्यक्तीचे नाव दिले की त्याच्याविषयी बोलता येते. कोकणातील खलाशी वा आगरी-कोळी समाज समुद्रातील संकटांची नावे टाळतो किंवा बदलतो, त्यामागची गरज फार निराळी नसावी.

तांत्रिक शब्दांचे मात्र तसे नाही; तेथे नाव बदलले की कारणही झाकले जाते. १९४४ साली ब्रिटिश नौदलातील बार्लो व मॅकिंटॉश ह्यांनी उथळ पाण्यात प्राणवायूच्या यंत्रासह पोहणाऱ्यांस येणाऱ्या बेशुद्धीस ‘शॅलो वॉटर ब्लॅक-आउट’ असे नाव दिले, आणि तिचे कारण यंत्रात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले. पुढे हेच नाव यंत्राशिवाय, केवळ दम कोंडून बुडी मारणाऱ्यांच्या बेशुद्धीस लागले, जिचे कारण प्राणवायूची उणीव हे आहे. १९६१ च्या आपल्या निबंधात क्रेग ह्यांनी बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेण्याचा धोका दाखविला, तो ह्या दुसऱ्या प्रकाराशी संबद्ध आहे. दोन विरुद्ध कारणांस एकच नाव राहिल्याने जुने अहवाल वाचणाऱ्याची फसगत होते. ‘स्कूबा’ ह्या शब्दाची गतही अशीच. अमेरिकन वैद्य क्रिस्चन लँबर्टसेन ह्यांच्याकडे त्याचे जनकत्व देतात, व त्यांचे स्वतःचे यंत्र संवृत जातीचे होते. आज मालवण-तारकर्लीच्या फलकांवर तो शब्द दिसतो तेव्हा त्याचा अर्थ बुडबुडे सोडणारे, अगदी उलट तत्त्वाचे यंत्र असा असतो.

१९६८ साली वॉल्टर स्टार्क व जॉन कॅन्विशर ह्यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ आणले. त्यात प्राणवायूचे प्रमाण विद्युत्संवेदक मोजीत व झडप आपोआप उघडे. खोलीची मर्यादा त्यामुळे सैल झाली. काही मृत्यूंनंतर ते लवकरच मागे घेण्यात आले. पण संवेदकांच्या ह्या युगारंभीच एक मृत्यू घडला तो अगदी जुन्या तऱ्हेचा. १७ फेब्रुवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘सीलॅब ३’ ह्या अमेरिकन नौदलाच्या सागरतळावरील निवासस्थानापाशी, ६१० फुटांवर, बेरी कॅनन हा पाणबुड्या मरण पावला. तपासात एका यंत्रातील शोषकाचा डबा रिकामा आढळला आणि मृत्यू कार्बन डायऑक्साइडच्या विषबाधेने झाल्याचा निर्णय दिला गेला. त्या निर्णयावर नंतर शंका घेतल्या गेल्या, हेही नमूद केले पाहिजे. ती बाजू सोडली तरी, एवढ्या प्रचंड योजनेत क्षाराचा डबा भरला आहे की नाही हे पाहण्याची कोणावर निश्चित जबाबदारी नसावी, ही गोष्ट शंकेच्या पलीकडची दिसते.

१९९० नंतरच्या दशकात ही यंत्रे हौशी पाणबुड्यांच्या हाती आली. अँड्र्यू फॉक ह्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९८ ते २०१० ह्या काळातील अशा १८१ मृत्यूंचा विचार आहे, आणि साध्या यंत्राच्या मानाने मृत्यूचा धोका चौपट ते दहापट असल्याचा त्यांचा अंदाज आहे. मे २०१२ मध्ये ऑर्लँडो येथे भरलेल्या परिषदेने लेखी तपासणी-यादीचा आग्रह धरला : क्षार भरला, टाकी उघडली, संवेदक जुने झाले नाहीत, एकेक बाब पाहून खूण करावयाची. तीन संवेदकांपैकी दोहोंचे एकमत ग्राह्य धरावे ही जी पद्धत यंत्रांत रूढ झाली, तीही तिन्ही संवेदक एकाच वेळी बसविलेले व सारखेच जीर्ण असतील तर दगा देते.

यादीवाचून काम भागविण्याची एक जुनी रीत मात्र पाणबुड्यांस फार विश्वसनीय वाटे. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटे यंत्रातून श्वास घ्यावा. डबा सदोष असेल तर तगमग होईलच, अशी ती समजूत. २०१५ साली ऑकलंड येथील संशोधकांनी वीस व्यक्तींवर तिची परीक्षा पाहिली. शोषक मुळीच नसता पंधरा जणांनी पाच मिनिटांच्या आत यंत्र तोंडातून काढले. पाच जण स्वस्थपणे श्वास घेत राहिले. शोषक होता पण सदोष बसविला होता, अशा वेळी वीसांपैकी दोघांनीच ते काढले.