नाईक, जयंत पांडुरंग
(५ सप्टेंबर १९०७–३० ऑगस्ट १९८१). भारतीय शिक्षणतज्ज्ञ व शिक्षणप्रशासक. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी येथे. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावास घडला. सुटकेनंतर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे दिल्लीत धोरणे आखतानाही खेड्यातली शाळाच त्यांच्या नजरेसमोर राहिली, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. १९७६ मध्ये ती पुण्यास आली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार असलेले नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी असले, तरी अहवालाच्या घडणीमागे नाईकांचेच अपार कष्ट होते. दहा अधिक दोन अधिक तीन हा शिक्षणाचा आकृतिबंध सर्वांना ठाऊक आहे. पण अहवालातील त्याहून मूलगामी शिफारस परिसर शाळेची होती. एका वस्तीतील सर्व मुले, मग ती धनिकाची असोत वा मजुराची, एकाच शाळेत शिकावीत, ही ती कल्पना. १९६९ पासून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची घडीही त्यांनीच बसवली.

पद्मभूषण, १९७४. शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक या त्यांच्या पत्नी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, हे कोठारी आयोगाने सुचवलेले लक्ष्य देशाने अद्याप गाठलेले नाही.